मोटरहोम नोंदवही : छत कोरडं झालं, आता विजेचे जोड

आधी गाडीची माहिती. लांबी साडेसहा मीटर, मंजूर एकूण वजन ३,५०० किलो. भिंती सँडविच पद्धतीच्या: बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्या आणि फोम, आतून ३ मिमी प्लाय. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत, म्हणून त्यांचं इथे काही नाही. ही नोंद जोडांची आहे. मोटरहोममध्ये वस्तू सहसा टिकते आणि तिचा जोड दगा देतो, कारण हे घर दिवसभर हादरे खातं, उन्हात फुगतं आणि रात्री आकसतं. छतातून पाणी, वायरीत व्होल्टेजची गळ, पंपाचं उगाच खोकणं, सगळ्याचं मूळ तिथेच सापडलं.

छतातली खिडकी

ओल मोजायच्या टोचणीच्या मीटरने आतल्या प्लायवर सगळीकडे ११ ते १३ टक्के दाखवले, मागच्या छतखिडकीच्या डाव्या कोपऱ्यात मात्र २८. ढोबळ हिशेब असा: १५ च्या खाली निर्धास्त, १५ ते २० लक्ष ठेवा, २० च्या वर उघडून पाहा, ३० च्या वर लाकूड सडायला लागलेलं असतं. एका आकड्यावर विसंबू नका. त्याच जागी थोड्या दिवसांनी पुन्हा टोचून आकडा चढतोय की उतरतोय हे बघा. आत जिथे डाग दिसतो तिथेच वर भोक असेल असंही नाही. पाणी लाकडी पट्टीवरून मीटरभर सरकतं आणि मग खाली उतरतं.

खिडकी ४०० × ४०० मिमीची. आतल्या चौकटीचे स्क्रू काढले, बाहेरची कड हेअर ड्रायरने कोमट करून प्लास्टिकच्या पट्टीने उचलली. लोखंडी पातं इथे वापरू नये, पत्र्याचा रंग खरवडला की पुढे तिथूनच पत्रा खराब व्हायला लागतो. खालचं जुनं सीलंट वाळलेल्या कणकेसारखं झालं होतं: बोटाने मोडलं की भुगा, आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकाभोवती काळी रेघ. ती रेघ म्हणजे पाण्याची वाट. स्क्रूचं भोक लाकडात जातं, त्यामुळे पहिली सडते ती स्क्रूभोवतीची पट्टी.

जुना थर आधी टर्पेन्टाइनने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. अल्कोहोल फक्त पत्र्यावर. अ‍ॅक्रिलिकच्या काचेला ते लागलं तर आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या कधीच जात नाहीत. सडलेली ३० मिमी रुंदीची पट्टी दोन बाजूंनी कापून काढली आणि तिथेच थांबलो. या थांबण्याला पर्याय नाही. ओल्या लाकडावर सील मारणं म्हणजे पाणी आत कोंडणं. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावून तीन आठवडे ठेवलं. मीटर १४ वर आल्यावरच नवी पट्टी पॉलियुरेथेन गोंदाने बसवली.

सीलसाठी ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, ३ मिमी जाड आणि २५ मिमी रुंद. टेपची दोन टोकं एकमेकांवर चढवायची नाहीत, तिथे उंचवटा होऊन दोन्ही बाजूंना फट राहते. टोकाला टोक भिडवून बोटाने दाबायचं आणि हा सांधा गाडीच्या मागच्या बाजूला ठेवायचा, कारण चालत्या गाडीत पाऊस पुढून मारा करतो. स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, निम्मेच आवळले. ब्युटाइल हळूहळू पसरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळले, एक कडक ऊन झाल्यावर तिसऱ्यांदा. बाहेर आलेली कड शेवटी कापली.

सीलंटबद्दल एकदाच सांगतो. जे पुन्हा काढावं लागणार त्याला ब्युटाइल. जे कायमचं चिकटवायचं त्याला पॉलियुरेथेन, पण अ‍ॅक्रिलिकवर ते नको आणि एबीएस प्लास्टिकवर प्रायमरशिवाय नको. सिलिकॉन कुठेच नको. त्याचा न दिसणारा थर मागे राहतो आणि नंतर त्यावर दुसरं काही धरत नाही.

चाचणी साध्या पाइपने, मंद धारेने, खालच्या बाजूपासून वर सरकत अर्धा तास घेतली. प्रेशर वॉशर चाचणीलाही नको आणि धुवायलाही नको. चांगल्या सीलमधूनसुद्धा तो पाणी आत ढकलतो.

सोलर पॅनल

११० वॉटचे दोन पॅनल चिकटवले. एबीएसच्या ब्रॅकेटखाली ३ मिमीचे रबरी ठोकळे ठेवून पॉलियुरेथेनचा थर मुद्दाम जाड राखला. एक मीटर अ‍ॅल्युमिनियम ४० अंशांच्या फरकाने साधारण ०.९ मिमी वाढतं, एबीएस त्याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. थर पातळ असेल तर त्याला ताणायला जागाच उरत नाही आणि तो कडेपासून सुटत येतो. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने वाळतं, दिवसाला जेमतेम ३ मिमी आत. रुंद ब्रॅकेटच्या पोटातलं वाळायला आठवडा लागतो, तोवर गाडी हलवू नये. पॅनलखाली ३० मिमी हवा खेळती ठेवली, कारण पॅनल तापलं की दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वीज घटते. पॅनलची वीज बॅटरीला मापाने देणाऱ्या कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना याच्या उलट.

वीज

आधी रोजचा खर्च मांडला. कॉम्प्रेसर फ्रिज ४० अँपिअर-तास, हीटरचा पंखा १५, लॅपटॉप आणि फोन १५, दिवे ५, पाण्याचा पंप ३. एकूण ७८. लेड-अ‍ॅसिडची १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे ती एक दिवसही पुरत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १०० च्या दोन बॅटऱ्या बसवल्या. दोन दिवस ढगाळ गेले तरी निभतं आणि वजनही कमी होतं: १०० ची लेड-अ‍ॅसिड २५ ते ३० किलो, ही १२ च्या आसपास.

लिथियम म्हणजे नुसती बॅटरीची अदलाबदल, असं समजून काम करणाऱ्यांच्या गाडीत पुढे गडबडी होतात. इंजिनची आणि घराची बॅटरी जोडणारा जुना रिले ठेवून अल्टर्नेटर (इंजिनवरचं वीज बनवणारं यंत्र) थेट लिथियमला जोडला, तर बॅटरीचा अंतर्गत विरोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टर्नेटर तापतो, विशेषतः इंजिन मंद फिरताना. म्हणून मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, जो इंजिनच्या बाजूची वीज ठरावीक करंटनेच लिथियमला देतो. जुना रिले पूर्ण काढला. तो समांतर राहिला तर चार्जरचं आउटपुट रिलेमधून परत इनपुटला येतं आणि वीज गोल फिरत राहते. मेन्सच्या चार्जरमधली १५ व्होल्टच्या वर नेणारी इक्वलायझेशनची सोय आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलणारी सोय, दोन्ही बंद केल्या. चार्ज करतानाचं वरचं व्होल्टेज १४.२, भरल्यावर टिकवून ठेवायचं (फ्लोट) १३.५.

केबलचा हिशेब करून मगच खरेदी केली. चार्जर १४.२ व्होल्टला ३० अँपिअर देतो, म्हणजे ४२६ वॉट. त्याची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर १२ व्होल्टच्या बाजूला ४० अँपिअर लागतात. इंजिनपासून चार्जरपर्यंत ५ मीटर, जाऊन-येऊन १०. तांब्याचा विशिष्ट विरोध ०.०१७५. सूत्र: १० × ४० × ०.०१७५ भागिले केबलचं क्षेत्रफळ. गाडीत मुळात असलेल्या ६ चौरस मिमीला १.१७ व्होल्ट गळ येते, १० ला ०.७, १६ ला ०.४४, २५ ला ०.२८. म्हणून २५ घेतली. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही ओढल्या, चेसिसच्या भरवशावर सोडलं नाही.

फ्यूज केबलला वाचवतो, उपकरणाला नव्हे, म्हणून तो बॅटरीजवळ हवा. या केबलच्या दोन्ही टोकांना वीज पुरवणारी बॅटरी आहे, तेव्हा दोन्ही टोकांना ६० अँपिअरचा फ्यूज. लिथियमच्या मुख्य केबलवर साधा पट्टीचा फ्यूज ठेवू नका. शॉर्ट झालं तर या बॅटऱ्या हजारो अँपिअर सोडतात आणि साधा फ्यूज जळल्यावरही आत ठिणगी चालू राहू शकते. तिथे टी क्लासचा फ्यूज, ज्याची तोडण्याची क्षमता २०,००० अँपिअरची असते.

आता क्रिम्प, म्हणजे केबलच्या टोकावर धातूची कडी (लग) दाबून बसवणं, ज्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा. हायड्रॉलिक क्रिम्परच्या साच्यावर २५ लिहिलं होतं. पहिला नमुना करवतीने आडवा कापला आणि भिंगातून पाहिला: तारांच्या मधोमध सुईच्या टोकाएवढ्या काळ्या फटी. एक माप खालचा साचा घेतल्यावर तांबं एकजीव दिसलं, तारा ओळखू येईनात, आणि लगच्या दोन बाजूंना आलेले बारीक कान कानशीने घासून काढले. स्वस्त क्रिम्परवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, एक लग बळी द्या आणि कापून बघा. सोल्डर करू नका. कथिल तारांमध्ये चढतं, केबल तिथे ताठ होते आणि कथिल संपतं त्या रेषेवर हादऱ्याने तुटते. त्यावर हीट श्रिंक नळी, म्हणजे तापवल्यावर आकसणारी, आतून गोंद असलेली.

काम झाल्यावर चार्जर पूर्ण ३० वर चालवून प्रत्येक जोडावर मल्टिमीटर लावला, एक टोक लगवर आणि दुसरं बोल्टवर. बहुतेक जोड ३ ते ५ मिलिव्होल्टचे. एक निघाला ४८ मिलिव्होल्टचा. ४० अँपिअरला ही जवळपास दोन वॉट उष्णता, तीही बंद कप्प्यात. उघडल्यावर स्टीलचा वॉशर लगच्या खाली गेलेला दिसला. लग थेट पितळी बैठकीवर, वॉशर लगच्या वर, त्यावर नट: एवढा क्रम लावल्यावर आकडा ४ वर आला. ही मोजणी लोड चालू असतानाच करायची. लोड नसेल तर सडका जोडही शून्य दाखवतो.

लिथियमचं व्होल्टेज वापरात बराच काळ १३ च्या आसपास सपाट राहतं, त्यावरून किती शिल्लक आहे हे कळत नाही. त्यासाठी शंट, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा तुकडा, लागतो. बॅटरीच्या निगेटिव्हला फक्त शंट, बाकी प्रत्येक निगेटिव्ह शंटच्या पलीकडे. दिव्याची एक वायर जरी थेट बॅटरीला राहिली तरी मोजणी रोज थोडी थोडी चुकत जाते. ‘पूर्ण चार्ज’ची खूण १४.० व्होल्ट आणि शेवटचा करंट ८ अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या ४ टक्के, अशी ठेवली.

बॅटऱ्या बाहेरच्या पेटीत न ठेवता आतल्या सीटखाली ठेवल्या. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर लिथियमचा धातू आत साठतो आणि क्षमता कायमची घटते. बॅटरीतलं रक्षक सर्किट (बीएमएस) चार्जिंग तोडतं खरं, पण बॅटरी मुळात उबदार जागी असलेली बरी.

इन्व्हर्टर १,००० वॉटचा, बॅटरीपासून दीड मीटरच्या आत, ३५ चौरस मिमी केबल, १२५ अँपिअरचा फ्यूज. पूर्ण लोडला तो ९० च्या वर करंट ओढतो. नुसता चालू ठेवला तरी सतत अर्धा ते एक अँपिअर खातो, म्हणजे दिवसाचे १२ ते २४ अँपिअर-तास. वापर संपला की बटण बंद.

पाणी आणि गॅस

नळ बंद असताना पंप अधूनमधून ‘खोक्’ करत होता. दाब कुठेतरी सुटतोय असा त्याचा अर्थ. प्रत्येक जोड कोरडा पुसून त्याभोवती टिश्यूचा तुकडा गुंडाळला. तासाभरात हीटरच्या मागचा तुकडा ओला. ढकलून बसवायची नळी तिथे तिरकी कापलेली होती. काटकोनात कापली, आत किती जायला हवी त्याची पेनाने खूण केली, खूण दिसेनाशी होईपर्यंत ढकलली. मऊ नळीवरचे क्लिप फार आवळू नका, पट्टी रबर कापते.

१०० लिटरच्या टाकीत सुवास नसलेलं ५ टक्क्यांचं ब्लीच १०० मिली टाकलं, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. फिल्टर आधी काढला. प्रत्येक नळ, गरम आणि शॉवरसकट, ब्लीचचा वास येईपर्यंत सोडला, चार तास ठेवलं, मग दोनदा टाकी भरून वाहवली. क्षार काढायला सायट्रिक अ‍ॅसिड वापरणार असाल तर ते वेगळ्या दिवशी, लाइन पूर्ण धुतल्यावर. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी, बुडबुडे नाहीत. रबरी नळीवरची तारीख तपासून नळी बदलली. फरशीतलं गॅस बाहेर जाण्याचं भोक कुणीतरी मॅटखाली झाकलं होतं, ते मोकळं केलं. एलपीजी हवेपेक्षा जड, तिला खालूनच वाट हवी. म्हणून तिचा अलार्म फरशीजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा मात्र झोपेत डोकं असतं त्या उंचीवर.

राहिलेलं

गाडी भरून एकेका आसाचं वजन करायचं आहे. नुसतं एकूण वजन बघून चालत नाही. पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर ३.८ मीटर आणि सायकलचा स्टँड मागच्या आसापासून १.९ मीटर मागे, त्यामुळे ६० किलोच्या सायकली मागच्या आसावर ९० किलो टाकतात आणि पुढच्या आसावरून ३० किलो उचलतात. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे, ओल्या गवतावर ते ३० किलो जाणवतात. टायरवरचा चार आकडी कोड २३१९ आहे, म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. खाचा अजून खोल असल्या तरी रबराचं वय झालंय, सगळे टायर बदलायचे. हवा किती ठेवायची ते वजनाचे आकडे हातात आल्यावर टायरच्या तक्त्यावरून ठरेल.