दगडी राक्षस रंगवताना

बोर्ड गेममधले चार दगडी राक्षस, म्हणजे खेळातल्या छोट्या बाहुल्या (मिनिएचर), रंगवून झाले. प्रत्येक साधारण 55 मिलिमीटर उंच, मऊ पीव्हीसीचा आणि मूळचाच करडा. खरी अडचण तीच. करड्या प्लॅस्टिकवर नुसता करडा रंग चढवला, तर रंगवलंय हेच कळत नाही. दगड दिसायचा तर करड्यात तपकिरी, निळसर, हिरवट छटा मिसळाव्या लागतात.

आधी धुणं. साच्यातून नग सहज सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा तेलकट थर वर राहिला, तर रंग धरत नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश एवढं पुरतं. वाकलेला हात कढत पाण्यात अर्धा मिनिट बुडवायचा, सरळ करायचा आणि तसाच धरून गार पाण्यात घालायचा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठलेली रेघ ब्लेडच्या पाठीने खरवडली, कारण कानस लावली की पीव्हीसीचे तंतू उठतात. जिथे रेघ निघाली नाही तिथे टोकाने दोन टवके काढले आणि तिची भेग झाली. दगडाच्या बाबतीत एवढी सवलत मिळते!

स्प्रे प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर) मात्र पीव्हीसीवर जपून. त्यातला सॉल्व्हंट (रंग विरघळवणारं द्रव्य) आणि प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य यांचं काही वेळा जमत नाही आणि थर वाळतच नाही. पहिल्या राक्षसाला दोन दिवसांनीही बोट चिकटत होतं. उरलेल्या तिघांना पाण्यातला काळा ॲक्रिलिक प्रायमर ब्रशने लावला. दोन पातळ थर दिले आणि रात्रभर वाळू दिलं.

मूळ रंग तीन भाग गडद करडा, एक भाग तपकिरी. तो ओला असतानाच काही शिळांवर निळसर करडा, काहींवर मातकट रंग टेकवला. या टप्प्यावर राक्षस ठिगळं लावल्यासारखा दिसतो, पण घाबरायचं कारण नाही. पुढचे थर त्याला एकजीव करतात.

मग वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, काळा आणि तपकिरी निम्मा-निम्मा. तो खाचेत बसावा, सपाट पृष्ठावर साचू नये. साचला तर वाळताना कडेला डागाची गोल रेघ उमटते. म्हणून ओलसर ब्रशने लगेच टिपून घ्यायचा. वरची चकाकी गेली तरी खोल खाच ओलीच असते, तेव्हा तासभर तरी हात लावायचा नाही. घाई केली की पुढच्या ड्रायब्रशने (जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग चढवताना) वॉशचा पापुद्रा निघतो आणि खालचा रंग उघडा पडतो.

सगळा जीव ड्रायब्रशमध्ये आहे. मेकअपचा गोल, मऊ ब्रश यासाठी उत्तम. रंग घ्यायचा, कागदावर जवळजवळ सगळा पुसायचा आणि अंगठ्याच्या सांध्यावर फिरवून बघायचा. सुरकुत्यांचे फक्त उंचवटे उमटले, तर ब्रश तयार. मधला करडा सगळीकडे, फिका करडा वरच्या निम्म्या अंगावर, आणि हस्तिदंती फक्त कपाळ, खांदे, बोटांच्या पेरांवर. हात वरून खाली चालवायचा. शेवटी शुभ्र पांढरा घेतला किंवा ब्रश दाबला, तर खडू फासल्यासारखं दिसतं. तसं झालंच, तर एक भाग तपकिरी रंगात आठ भाग पाणी आणि मीडियम (रंग नसलेलं ॲक्रिलिक द्रव्य) घालून पातळ थर फिरवला की ते दबतं.

राक्षसांच्या छातीत तापलेल्या भेगा आहेत; त्या रंगवताना बरेच जण चूक करतात. उजेड आतून येतो, म्हणून सर्वांत फिका रंग तळाशी हवा. आधी पूर्ण भेग पांढरी, मग पिवळी, नंतर नारिंगी फक्त काठांना. शेजारच्या दगडावर नारिंगीचा अगदी पुसट हात.

शेवाळ पाणी थांबतं तिथे येतं, म्हणजे खांद्यावर, पावलांवर, सांध्यांत. झिजलेल्या ब्रशने दोन हिरवे रंग टोचत लावले, गडद आधी.

गेममध्ये ही मिनिएचर सतत हाताळली जातात, तेव्हा वार्निशचे दोन पातळ थर हवेतच. पहिला ग्लॉस (चकचकीत), वरचा मॅट (बिनचकाकीचा). मॅटची बाटली नीट हलवायची, कारण मॅट करणारी पूड तळाशी बसते आणि न ढवळता लावलं तर कुठे चकाकी, कुठे पांढरट डाग राहतात. तो वाळल्यावर फक्त भेगांवर पुन्हा ग्लॉसचा थेंब दिला. कोरड्या दगडात तेवढीच जागा वितळलेली दिसते.