फाशांवरचे पानिपत: लढाईला साजेशी नियमावली शोधताना

पानिपत आम्ही पहिल्यांदा माझ्या जेवणाच्या टेबलावर लढलो आणि ते पाऊण तासात संपले. मराठे जिंकले. अब्दालीच्या बाजूने बसलेले आमच्या सोसायटीतले निवृत्त इतिहासशिक्षक, ज्यांना सगळी इमारत नुसते 'सर' म्हणते, चष्मा पुसत एवढेच म्हणाले, "खेळ छान झाला, पण हे पानिपत नव्हतं." मला ते झोंबले, कारण दोन्ही सैन्ये रंगवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला होता.

ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यात बुद्धिबळासारखे चौकोन नसतात. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या लहानशा सैनिकांच्या तुकड्या पातळ पट्ट्यांवर चिकटवून टेबलावर मांडायच्या, टेपने अंतर मोजून त्या हलवायच्या, आणि गोळी लागली की नाही, तुकडी टिकली की पळाली, हे फाशांवर ठरवायचे. कोणत्या वेळी किती फासे टाकायचे आणि त्यांचा अर्थ काय लावायचा हे सांगणारे पुस्तक म्हणजे नियमावली. सैनिक एकदा रंगवले की वर्षानुवर्षे तेच राहतात. नियमावली मात्र बदलता येते, आणि खरी पंचाईत तिथेच सुरू होते.

त्या दिवशी मी 'डी बेलिस अँटिक्विटॅटिस' वापरली होती. खेळणाऱ्यांमध्ये 'डीबीए' म्हणून ओळखली जाणारी ही नियमावली १९९० साली आली. तिच्यात प्रत्येक सैन्याचे फक्त १२ तुकडे असतात, पट सुमारे दोन फूट लांब-रुंद पुरतो, आणि दर खेपेला एकच फासा टाकून जितके पडतील तितक्याच हालचाली करता येतात. एक पडला तर एकच तुकडा किंवा एकमेकांना चिकटून उभा असलेला एकच गट हलतो, बाकी सैन्य जागच्या जागी. झुंजीत दोघांनी एकेक फासा टाकून आपापला गुणांक मिळवायचा. बेरीज कमी आली तर बहुधा मागे हटायचे, निम्मी किंवा त्याहून कमी आली तर बहुधा तुकडा पटावरून उचलायचा. चार तुकडे गेले की साधारणपणे डाव संपला. इतक्या थोड्या नियमांत इतका विचार करायला लावणारा खेळ मी दुसरा पाहिलेला नाही, आणि पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात तो मावतो, हे माझ्या निवडीचे खरे कारण होते. ती नियमावली इसवी सन १५०० पर्यंतच्या युद्धांसाठी लिहिलेली आहे हे मला ठाऊक होते. १७६१ साल तिच्यात कोंबताना मी गारद्यांना, म्हणजे मराठ्यांच्या बंदूकधारी कवायती पायदळाला, धनुर्धाऱ्यांचे गुणांक दिले आणि विषय मिटवला.

सरांचे म्हणणे बंदुकांबद्दल नव्हतेच. ते म्हणाले, "अहो, गोल मोडला कुणी, ते तुमच्या खेळात कुठे आहे?" भाऊसाहेबांचा बेत गोल बांधून, म्हणजे बिनलढाऊ माणसे मध्ये आणि फौज चहूबाजूंनी ठेवून, तोफा आणि इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटणे यांच्या आधाराने सरकण्याचा होता. १४ जानेवारीच्या सकाळी डाव्या बगलेवर गारदी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांना रेटत असताना विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडदळ त्यांच्या पुढे धावले, रोहिल्यांच्या गोळीबारात सापडून मागे फिरले, आणि गारदी उघडे पडले, असे ही लढाई सांगणारे सांगतात. माझ्या खेळात घोडदळ माझ्या हुकमाशिवाय बोटभरही हलले नव्हते. फासा कमी पडला तर ते थांबले असते. आपण होऊन धावले मात्र कधीच नसते. जी गोष्ट भाऊसाहेबांच्या हातात नव्हती, ती मी स्वतःच्या हातात घेऊन जिंकलो होतो.

त्या रात्री वहीत एक ओळ लिहिली आणि पुढचे दीड वर्ष तिच्याच आधाराने निवड केली: त्या दिवशी सेनापतीच्या हातात काय नव्हते? तोवर मी नियमावली काळ पाहून निवडत असे, म्हणजे तलवारी असल्या तर हे पुस्तक आणि बंदुका असल्या तर ते.

पानिपत बाजूला ठेवून मी पावनखिंड हाती घेतली, कारण तिथे माणसे कमी आणि प्रश्न एकच. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून निघालेले शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत बाजीप्रभूंनी बांदलांच्या मावळ्यांसह खिंड अडवायची. विशाळगडाखाली सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता, तो फोडूनच वर जायचे होते, त्यामुळे तोफांचा आवाज केव्हा होईल हे खिंडीत कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणजे बाजीप्रभूंच्या हातात घड्याळ नव्हते.

यासाठी मी 'लायन रॅम्पंट' घेतली. ती २०१४ साली मध्ययुगीन युरोपातल्या लहान चकमकींसाठी लिहिली गेली. तुकडी १२ किंवा ६ सैनिकांची असते आणि निम्मी माणसे पडेपर्यंत ती बारा फाशांनी लढते, नंतर सहा फाशांनी. तिच्यातला एक नियम खिंडीला इतका चपखल बसला की मी थक्क झालो: झुंज चालू नसेल तर दोन तुकड्यांमध्ये तीन इंच अंतर राखावेच लागते. मी पुठ्ठा, वर्तमानपत्राचा लगदा आणि फेविकॉल यांची खिंड केली होती आणि तिचे तोंड सहा इंचांचे होते. त्या तोंडाशी पाठलाग करणाऱ्या सिद्दी मसूदच्या तुकड्या एकामागे एक अडकून पडू लागल्या, आणि त्यासाठी मला एकही घरगुती नियम करावा लागला नाही.

पण दुसऱ्याच नियमाने डाव नासवला. या नियमावलीत तुकडीला हुकूम देताना दोन फासे टाकतात, आणि ठरलेला आकडा आला नाही तर फक्त ती तुकडी थांबत नाही, तुमची पाळीच संपते. आपापल्या मर्जीने वागणाऱ्या सरंजामी सरदारांच्या झटापटीत हे गमतीचे होते. इथे वेळ काढणे हेच बचाव करणाऱ्याचे काम होते. सहा किंवा अधिक पडण्याची शक्यता ३६ पैकी २६ असते, म्हणजे बरी वाटते. पण ओळीने चार तुकड्यांना ते साधण्याची शक्यता जेमतेम २७ टक्के. तिसऱ्या डावात माझ्या मित्राने, जो मसूद होता, पहिल्याच फेकीला सलग तीन वेळा पाळी गमावली. तो फासे टेबलावर ठेवून म्हणाला, "अरे, बाजीप्रभूंना लढायची गरजच काय? मी इथेच बसून राहतो, तू तोफ वाजव." त्याचे बरोबर होते. ज्या लढाईत शत्रूची लाट थांबता कामा नये, तिथे ही नियमावली शत्रूलाच विश्रांती देत होती.

उपाय मला त्याच लेखकाच्या २०१६ सालच्या 'द मेन हू वुड बी किंग्ज' मध्ये सापडला. ती एकोणिसाव्या शतकातल्या वसाहतींच्या युद्धांसाठी आहे, म्हणजे काळ पाहून निवडणाऱ्याने तिच्याकडे वळूनही पाहिले नसते. तिच्यात फासा चुकला तर त्या तुकडीपुरताच चुकतो आणि पाळी पुढे चालू राहते. शिवाय प्रत्येक प्रकारच्या तुकडीला एखादी कृती फाशाशिवाय करता येते. मी हुकमाचे नियम हिच्यातले घेतले, झुंजीचे आणि तीन इंचांचे पहिलीतले ठेवले. दोन पुस्तकांची अशी खिचडी करू नये असे मुरलेले खेळाडू सांगतात, आणि एरवी मलाही ते पटते, कारण एका ठिकाणचा खिळा काढला की भलतीकडची फळी हलते. इथे ते निभावले. तोफेसाठी आठव्या फेरीपासून दर फेरीला एक फासा टाकायचा आणि बेरीज १२ झाली की आवाज झाला, असे ठरवले. त्यानंतर आम्ही पाच डाव खेळलो. दोनदा खिंड आधी पडली, आणि प्रत्येक डावात बाजीप्रभूंची बाजू घेणारा खेळाडू दहाव्या फेरीच्या सुमारास उभा राहून खेळू लागला.

मोठ्या लढायांकरिता 'ब्लॅक पावडर' कडे मी बिचकतच गेलो. २००९ सालची ही नियमावली १७०० ते १९०० या दोन शतकांसाठी आहे, पण तिचे लेखक ज्या आकाराच्या टेबलावर खेळतात तेवढे टेबल माझ्या घरात ठेवले तर आम्हाला बाहेर झोपावे लागेल. पायदळ एका हुकमाला १२ इंच चालते, घोडदळ १८. यावरचा तोडगा जगभरचे खेळाडू वापरतात तोच मी वापरला: इंचाच्या जागी सेंटिमीटर धरायचा आणि सहा मिलिमीटर उंचीचे सैनिक घ्यायचे. एवढ्या सैनिकाला डोळे रंगवण्याचा प्रश्नच येत नाही. पागोट्याचा एक ठिपका दिला की काम झाले.

तिच्यातला हुकमाचा नियम मात्र बघण्यासारखा आहे. फासे टाकण्याआधी हुकूम मोठ्याने आणि स्पष्ट उच्चारावा लागतो. मग सेनानायकाच्या गुणांकाशी दोन फाशांची बेरीज ताडून पाहायची: गुणांक आठ असेल तर आठ किंवा सात पडल्यास एक चाल, सहा पडल्यास दोन, पाच किंवा त्याहून कमी पडल्यास तीन, आणि आठच्या वर पडल्यास काहीच नाही. दोन्ही फाशांवर सहा पडले तर हुकमाचा विपर्यास होतो आणि तुकडी भलतीकडेच निघते.

ही नियमावली अंगवळणी पडावी म्हणून आम्ही आधी असईची लढाई घेतली, जी २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात झाली. ती फारशी कुरकुर न करता बसली, कारण दोन्हीकडे कवायती पलटणे होती. वाटाड्यांनी नदी पार करायला उतार नाही असे सांगितले असताना, केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांवरून इंग्रजांचा सेनानी आर्थर वेलस्ली याने उताराचा अंदाज बांधला आणि नदी ओलांडली. उत्तरादाखल शिंद्यांच्या पलटणांचा हॅनोव्हरी सेनानी पोलमन याने आपली सगळी ओळ काटकोनात फिरवली. मराठी बाजूचे गुणांक उतरवून लिहिण्याचा मोह मला झाला होता, तो या एका हालचालीने गेला. जी फौज शत्रू समोर असताना अशी वळते तिला कच्ची म्हणता येत नाही. घरगुती नियम एकच करावा लागला: तिथले गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रजांची ओळ पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा तोफा डागल्या, म्हणून घेतलेल्या तोफेवर कोणीतरी एक फेरी थांबले नाही तर ती पुन्हा सुरू होते.

मध्ये दिवाळी आली आणि भाच्याने किल्ल्यावरचा मातीचा वाघ आणून खिंडीत ठेवला. मावळ्यांपेक्षा तिप्पट उंच असलेल्या त्या वाघासाठी 'ड्रॅगन रॅम्पंट' काढली. ती 'लायन रॅम्पंट' ची अद्भुत जगासाठी केलेली बहीण असून तिच्यात एकच मोठी प्रतिमा अख्ख्या तुकडीऐवजी चालते. भाचा खूश झाला. वाघाचा कान तेवढा गेला.

मग पुन्हा पानिपत. भाऊसाहेबांचा गुणांक आठ, विंचूरकर आणि गायकवाडांचा सात. सर या खेपेला मराठ्यांकडून बसले होते. त्यांनी वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात हुकूम दिला, "गारदी पुढे जातील, घोडदळ त्यांच्या मागे राहील," आणि मी त्यांना थांबवून सांगितले की मागे राहण्यासाठी फासाच लागत नाही. ज्याला हलायचे नाही त्याला ही नियमावली काही विचारत नाही. बेशिस्त घोडदळासाठी आमच्याकडे फक्त तो दोन सहांचा विपर्यास होता, ज्याची शक्यता ३६ पैकी एक आणि तीही हुकूम दिला तरच. मूळ प्रश्न तिथेच उभा होता.

तेव्हा तीन आठवडे खटपट करून आम्ही नियम उलटा केला. शत्रू एका चालीच्या टप्प्यात मागे हटताना दिसला तर घोडदळाला थांबवण्यासाठी हुकूम द्यावा लागेल, आणि तो फसला तर ते धावेल. गुणांक सात असताना फसण्याची शक्यता ३६ पैकी १५ येते. आणखी दोन गोष्टी घातल्या: सहाव्या फेरीपासून प्रत्येक मराठी तुकडीची सहनशक्ती एकने कमी, कारण ती माणसे उपाशी लढत होती, आणि आठव्या फेरीला अब्दालीच्या बाजूने नवी कुमक, कारण त्याने छावणीकडे पळालेल्यांना हाकून पुन्हा रणात धाडले होते.

परवाच्या डावात सरांनी तिसऱ्या फेरीला थांबण्याचा हुकूम दिला आणि फाशांवर पाच पडले. घोडदळ जागेवर राहिले. चौथ्या फेरीलाही राहिले. गारद्यांनी रोहिल्यांची पहिली ओळ उचलून टाकली, आणि सर पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसले. सहाव्या फेरीला मी सगळ्या मराठी तुकड्यांपाशी भुकेचे पिवळे मणी ठेवले. आठव्या फेरीला कुमक आली, मधल्या फळीत भाऊसाहेबांसमोर उभी राहिली, आणि दहाव्या फेरीला मराठ्यांचा मध्य फुटला. घोडदळ तेव्हाही शिस्तीत गारद्यांच्या मागेच उभे होते. सर बराच वेळ त्या पिवळ्या मण्यांकडे पाहत राहिले, मग एकेक मणी डबीत भरत म्हणाले, "रविवारी अब्दाली तुम्ही घ्या. मला हे सहाव्या फेरीच्या आत संपवायचं आहे."