ब्रुकलिनची शर्ली आणि सातवी ‘ब’

बेटी बाओ लॉर्ड यांची ‘इन द इयर ऑफ द बोर अँड जॅकी रॉबिन्सन’ ही किशोर-कादंबरी १९८४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मला शाळा सोडून बरीच वर्षे झाली होती. माझ्या हाती ती आली त्याहूनही उशिरा, अमेरिकेत पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या दप्तरातून. वडिलांच्या बदलीमुळे धारवाडची कन्नड शाळा सोडून सांगलीला, आपल्या शाळेत, सातवीच्या वर्गात येऊन बसलेल्या मुलीला जे त्या वेळी कुणाला सांगता आले नाही, ते एका चिनी मुलीच्या नावावर छापलेले मी तिथे वाचले. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मजकूर मागितला गेला तेव्हा या पुस्तकाबद्दलच लिहायचे ठरवले.

कादंबरीचा काळ १९४७चा आहे. चीनमधल्या चुंगकिंग शहरातल्या मोठ्या एकत्र कुटुंबातली मुलगी अमेरिकेसाठी ‘शर्ली टेम्पल वाँग’ असे नाव स्वतःच निवडते आणि आईबरोबर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये वडिलांकडे राहायला येते. शाळेत वय विचारल्यावर ती दहा बोटे दाखवते, कारण चिनी गणतीप्रमाणे मूल जन्मतःच एक वर्षाचे असते आणि प्रत्येक नववर्षाला त्यात एकाची भर पडते. परिणामी ही चिमुरडी थेट पाचवीत, स्वतःपेक्षा मोठ्या मुलामुलींत जाऊन बसते. रोज सकाळी छातीवर हात ठेवून ती राष्ट्रध्वजाची शपथ म्हणते, पण कळत नसलेल्या शब्दांच्या जागी कानाला जवळचे वाटतील ते शब्द घालते, आणि त्या गंभीर शपथेत बेडूक, चहा आणि भात येऊन बसतात. लेखिका स्वतः शांघायमध्ये जन्मली आणि १९४६ साली, आठ वर्षांची असताना, अमेरिकेत आली. हा विनोद बाहेरून पाहणाऱ्याला सुचणारा नाही.

आपल्या प्रार्थनेच्या तासाला ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हणताना माझेही ओठ हलत आणि आवाज मात्र शेजारणीचा असे. ही प्रतिज्ञा १९६२ साली पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी मुळात तेलुगूत लिहिली, हे पुढे कळले तेव्हा मला उगाचच बरे वाटले.

पुस्तकाचा गाभा मात्र बेसबॉलच्या खेळात आहे. वर्गातली सर्वांत दांडगी मुलगी मेबल शर्लीचे दोन्ही डोळे काळेनिळे करते आणि शर्ली घरी किंवा शाळेत तिचे नाव सांगत नाही. त्यानंतर तीच मेबल तिला आपल्या संघात घेते, फळी धरायला शिकवते. शर्लीच्या आत वळणाऱ्या पावलांवरून तिची तुलना कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनशी होते आणि ही पोर त्याच्या ब्रुकलिन डॉजर्स या संघाचे सामने रेडिओला कान लावून ऐकू लागते. १५ एप्रिल १९४७ रोजी डॉजर्सच्या एबेट्स फील्ड या मैदानावर उतरलेल्या रॉबिन्सनने, गोऱ्यांपुरत्याच उरलेल्या अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत येताना, शिवीगाळ झाली तरी उलट हात उचलायचा नाही हे संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांच्याशी आधीच कबूल केले होते. हे ध्यानात घेतले म्हणजे शर्लीचे गप्प बसणे वेगळे दिसू लागते: आत येऊ पाहणाऱ्याने आधी मार खाऊन दाखवायचा, मग जागा मिळायची. लेखिकेला यात मुलीचा बाणेदारपणा दिसतो. मला ती प्रवेशाची वसुली वाटते, आणि पुस्तकावर इतके प्रेम असूनही या एका बाबतीत माझे तिच्याशी पटत नाही.

पटत नाही याचे कारण सातवी ‘ब’च्या मैदानावर आहे. मधल्या सुट्टीत खो-खोसाठी एक गडी कमी पडला, तेव्हा वर्गातल्या सर्वांत उंच मुलीने मला काही न विचारता पाटीवर आणून बसवले, माझे तोंड उलट बाजूला फिरवले आणि पाठीला हात लागून ‘खो’ ऐकू येईपर्यंत उठायचे नाही, हे खुणेनेच सांगितले. खो देणारीला माझ्या उच्चारांशी कर्तव्य नव्हते. मागून हात पडला की उठायचे, दिशा घेतली की वळायचे नाही, गडी निसटताना दिसला की पुढचीला खो द्यायचा, एवढ्यावर मी संघात धरली गेले. डबा उघडल्यावर ‘कानडी’ म्हणून चिडवणे त्यानंतरही थांबले नाही, परंतु चिडवणाऱ्यांपैकी दोघी आता माझ्याच बाजूने खेळत होत्या. मार खावा लागला नव्हता.

कादंबरी अखेरीला जरा गोड होते. रॉबिन्सन स्वतः शर्लीच्या शाळेत येतात आणि त्यांचे स्वागत करण्याचा मान तिलाच मिळतो, हे कुणाही नवख्या मुलीच्या वाट्याला येण्याजोगे नाही. चिनी लोकांना अमेरिकेची दारे बंद करणारा कायदा १९४३ साली उठला खरा, पण वर्षाला जेमतेम १०५ जणांचा कोटा ठेवून. ती कडू बाजू या पुस्तकात जवळजवळ उतरतच नाही. वर्गशिक्षिका रॅपपोर्टबाई मात्र पुरेपूर खऱ्या उतरल्या आहेत: बेसबॉलमध्ये खेळाडू एकट्याने फळी घेऊन उभा राहतो आणि तरीही संघासाठीच धावतो, एवढ्या आधारावर त्या मुलांना आपला देश समजावून देतात.

या पुस्तकाची एक प्रत मी शाळेच्या ग्रंथालयासाठी पाठवत आहे. बारा प्रकरणे जानेवारी ते डिसेंबर अशी महिन्यांच्या नावांनी आहेत. इंग्रजीच्या शिक्षकांनी महिन्याला एक प्रकरण वर्गात वाचून दाखवले तर सहावी-सातवीच्या मुलांना ते झेपेल. बेसबॉलचे नियम मात्र एप्रिलच्या आधी फळ्यावर काढून समजावून द्यावेत, कारण ते माहीत नसतील तर पुढची निम्मी गंमत हातची जाते.