चर्च सोडलं, मग चहा का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. सांगलीला आले की कुणी ना कुणी म्हणतंच, "चर्च सोडून इतकी वर्षं झाली, आता तरी घे की चहा." पूर्वी मी पित्ताचं कारण पुढे करायचे. आता खरं सांगते.

मी वाढले अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीत, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या घरात. आईबाबांनी माझ्या जन्माआधीच बाप्तिस्मा घेतला होता. दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य, एवढं तुम्हाला माहीत आहे. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना 1833 मध्ये झालेल्या साक्षात्कारात 'गरम पेयं' नकोत असं आहे. त्याचा अर्थ पुढे चहा आणि कॉफी असा ठरला. मांस बेतानं, थंडीत किंवा दुष्काळातच खावं, असंही तिथेच आहे, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात बार्बेक्यू असायचाच. कॅफीनवाल्या सोड्याला मनाई नाही, हे चर्चनं 2012 मध्ये स्पष्ट केलं. आमच्या घरात तो तरीही आला नाही. यात विसंगती आहे हे मला दिसतं. ती दिसली म्हणून जीभ बदलत नाही.

आणि तुम्ही सगळे चहापाशीच अडता. माझं खाणं घडलं ते महिन्याच्या पहिल्या रविवारी. दोन वेळचं जेवण नाही, पाणीही नाही, आणि त्या जेवणांचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. ते घडलं तळघरात अडीअडचणीसाठी साठवलेल्या गव्हाच्या डब्यांजवळ. नीट सीलबंद केलेला गहू तीस वर्षं टिकतो. आजही घरात तीन महिन्यांचं धान्य नसेल तर मला चैन पडत नाही. कुणाकडे मयत झाली की रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे चर्चमधल्या महिला मंडळाच्या बायका 'फ्युनरल पोटॅटोज' घेऊन दारात उभ्या राहायच्या: किसलेला बटाटा, चीज, सावर क्रीम, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स.

म्हणून आजोबा गेले तेव्हा सांगलीत शेजारून पिठलं-भात आला, ते मला अगदी ओळखीचं वाटलं. मी चौदा वर्षांची होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आजी पहिल्यांदाच उठून चुलीपाशी गेली. चहा टाकला, एक कप बाबांपुढे ठेवला, एक माझ्यापुढे. मी मान हलवली. "एक घोट घे गं बाळा, मी केलाय." मी बाबांकडे पाहिलं. आता ते आजीला समजावून सांगतील, अशी माझी खात्री होती. बाबांनी आपला कप उचलला आणि प्यायले. मग माझाही पुढ्यातला कप ओढून घेतला आणि तोही संपवला.

मी रागानं थरथरत होते. हा नियम मला शिकवला होता त्यांनीच.

परतल्यावर त्यांनी बिशपना, म्हणजे आमच्या मंडळीच्या प्रमुखांना, स्वतःहून सांगितलं. पुढचे काही रविवार प्रार्थनेत प्रसादाच्या पावाचं तबक आमच्या बाकावर आलं की नियम मोडला म्हणून ते पाव न घेता तबक पुढे द्यायचे, आणि शेजारी बसून मला त्यांची लाज वाटायची. शेवटी विचारलं, "का प्यायलात?"

"आईनं दिला होता."

"मग बिशपना कशाला सांगितलंत?"

"तो शब्दही मीच दिला होता ना."

त्या चौदा वर्षांच्या मुलीशी मी अजून भांडते. मी म्हणते, बाबांनी दोन्हीकडचं राखलं. ती म्हणते, मग तू का नाही प्यायलीस? आजी तर दोन वर्षांत गेली. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

श्रद्धा उरली नाही म्हणून मी चर्च सोडलं, त्याबद्दल मनात किंतु नाही. पण कप पुढे आला की बाबांनी ओढून घेतलेला तो कप आठवतो आणि तोंडातून 'नको' निघून जातं. ही निष्ठा आहे की नुसती सवय, मला ठरवता आलेलं नाही. तुमच्या घरी मी भाकरी मागून घेते, ताक पुन्हा घेते; तरी एका चहावरून कुणी "आमच्याकडचं चालत नाही हिला" म्हणालं की ते फार लागतं. विचारायचंच असेल, तर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी अजून उपाशी का राहते ते विचारा. आता ते पैसे चर्चकडे जात नाहीत, पण मी बाजूला काढते.