ओरडणारा पंप खराबच असतो असे नाही

आमच्या जुन्या डिझेल गाडीचे स्टेअरिंग उन्हाळ्याच्या तोंडावर जड होऊ लागले आणि वळण घेताना बोनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. सकाळी गाडी सुरू केल्यावर आणि पार्किंगमध्ये मागे-पुढे करताना तो सर्वांत जास्त जाणवत असे. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तिथे थोडा वेळ कान देऊन ‘पॉवर स्टेअरिंगचा पंप गेला’ असा निकाल देण्यात आला आणि नव्या पंपाचा आकडाही लगोलग सांगण्यात आला. त्या पंपाला ऑइल पुरवणाऱ्या डबीचे झाकण मात्र कोणी उघडले नाही. घरी येऊन मी ते उघडले, तेव्हा आतले लाल ऑइल गुलाबीसर, गढूळ दिसत होते आणि त्यावर बारीक फेस होता. फेस म्हणजे ऑइलमध्ये शिरलेली हवा. आणि ऑइलबरोबर हवा ओढावी लागली तर धडधाकट पंपसुद्धा ओरडतो.

हे सर्व हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगबद्दल आहे, हे आधीच सांगून ठेवतो. अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रिक मोटर करते; तिथे ना पट्टा, ना पंप, ना ऑइल. अशा गाडीत स्टेअरिंगचा दिवा लागला, तर बॅटरी आणि फ्यूज पाहण्यापलीकडे घरी करण्यासारखे फारसे नसते.

हायड्रॉलिक रचना मात्र समजून घेण्यासारखी आहे. १९५१ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीतून ती प्रवासी गाड्यांच्या बाजारात आली आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप डबीतून ऑइल ओढून रॅकवरच्या, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्यावरच्या, व्हॉल्व्हकडे पाठवतो. चाके सरळ असताना हे ऑइल फारशा दाबाशिवाय फिरून डबीत परत येते. स्टेअरिंग वळवले की व्हॉल्व्हमधली टॉर्शन बार नावाची बारीक सळई किंचित पिळली जाते, एका बाजूचा मार्ग उघडतो आणि दाबाखालचे ऑइल रॅकमधल्या पिस्टनला त्या बाजूने ढकलते. उभ्या गाडीचे स्टेअरिंग सिमेंट रस्त्यावर शेवटपर्यंत वळवून धरले, तर हा दाब साधारण ७० ते १०० बारपर्यंत (बार हे दाब मोजण्याचे एकक) चढतो. टायरमध्ये आपण जेमतेम सव्वादोन बार हवा भरतो, यावरून त्या नळीला काय सोसावे लागते याची कल्पना यावी.

पंपाच्या पुढची, म्हणजे दाबाची बाजू फुटली तर ऑइल बाहेर येते आणि सगळ्यांना दिसते. डबीपासून पंपापर्यंतच्या नळीत मात्र दाब नसतो, उलट ओढ असते. तिथला सांधा ढिला झाला तर ऑइल ठिबकण्याऐवजी बाहेरची हवा आत जाते. खाली डाग नाही, डबीतली पातळीही फारशी उतरत नाही, आणि पंप मात्र बोंबलतो. मिस्त्रीची नजर ओल्या जागेवर जाते, त्यामुळे ही कोरडी जागा सुटते आणि बिचारा पंप बदनाम होतो.

नागपूरच्या उन्हाचा मार बसतो तो नेमका याच सांध्यांवर. नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि बोनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. वर्षानुवर्षे असे भाजून निघालेले रबर कडक होते. मी ती ओढीची नळी काढली तेव्हा क्लिपखालच्या भागावर क्लिपचा ठसा कायमचा उमटलेला होता, नख दाबले तरी रुतत नव्हते आणि तोंडाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. पंपाच्या तोंडाशी बसणारी ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारे गोल रबरी कडे, तर गोल उरलीच नव्हती. कडांनी चपटी होऊन जवळजवळ चौकोनी झाली होती आणि वाकवताच तिचा तुकडा पडला.

काही उघडण्याआधी करून पाहण्यासारखी एक चाचणी आहे. इंजिन आयडलवर चालू ठेवून ओढीच्या बाजूच्या सांध्यावर घट्ट ग्रीस लिंपायचे; हवा तिथूनच जात असेल तर आवाज काही वेळापुरता तरी उतरतो. हात आणि बाह्या मात्र पट्टा आणि पंख्यापासून लांब असाव्यात.

ओ-रिंग घेताना ती ऑइलमध्ये टिकणाऱ्या नायट्राइल रबराचीच हवी, नळाच्या सामानाच्या दुकानातली साधी वायसर चालत नाही. जुनी ओ-रिंग सोबत न्यावी आणि मापाला मापच घ्यावे. डबीच्या तळाशी काही गाड्यांत बारीक जाळी असते. ती गाळाने बुजली तरी पंपाला ऑइल कमी पडते आणि लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात, म्हणून नळी काढली आहेच तर जाळीही पाहून घ्यावी.

ऑइल कोणते घालायचे हे डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पुष्कळ गाड्यांना डेक्सरॉन प्रकारचे लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) लागते, काही युरोपीय गाड्यांना हिरवे सिंथेटिक ऑइल लागते, आणि ही दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतणे हा तर सील फुगवून संपूर्ण यंत्रणा बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

नवी नळी बसवल्यावर खरे काम सुरू होते ते हवा काढण्याचे, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आत उरकावे. पुढची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये. इंजिन बंदच ठेवायचे, किल्ली फिरवून फक्त स्टेअरिंगचे लॉक सोडायचे. मी पुतण्याला स्टेअरिंगवर बसवून ‘सावकाश, शेवटपर्यंत डावीकडे, आता उजवीकडे’ असे सांगत राहिलो आणि स्वतः डबीजवळ उभा राहिलो. प्रत्येक फेरीला डबीत बुडबुडे येतात, पातळी उतरते आणि आपण थोडे थोडे ऑइल घालत राहतो. बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन सुरू करण्याचा मोह टाळावा, कारण फिरता पंप त्या हवेचा घुसळून फेस करतो आणि मग तो बसायला तासन्‌तास लागतात. इंजिन सुरू केल्यावरही स्टेअरिंग टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये. शेवटी इंजिन बंद करताना डबीकडे पाहावे: पातळी लक्षणीय वर चढली, तर दबलेली हवा अजून आत आहे असे समजावे.

दाबाच्या बाजूची नळी फुटली असेल तर मात्र बेताने वागावे. इंजिन चालू असताना बोटांनी गळती चाचपू नये. बारीक छिद्रातून सुटलेली ऑइलची धार कातडी भेदून आत जाऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. (गाडीखाली स्वच्छ पाणी दिसले तर घाबरू नये, मे महिन्यात ते बहुधा एसीचे असते.) हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या नळ्यांना टोकाचे धातूचे जोड दाबून बसवणारे (क्रिम्प करणारे) कारागीर अशी नळी बनवून देतात आणि ती दाब उत्तम सोसते. पण स्टेअरिंगची मूळ नळी पंपाचे झटके पचवण्यासाठी मुद्दाम किंचित फुगणारी केलेली असते. त्या जागी ताठ नळी लावली तर स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर आणि गुणगुण येऊ शकते. मूळ पार्ट मिळत असेल तर मी तोच घेईन. नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टाचे (बॅन्जो बोल्ट) तांब्याचे वॉशर मात्र दर वेळी नवेच घालावेत.

रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी बूट, म्हणजे घड्यांची आवरणे, असतात. ते बोटांनी दाबून पाहावेत. आत ऑइल डुचमळत असेल तर रॅकचे सील गेले आहेत, आणि ते काम अंगणात करू नये. त्यासाठी रॅक आणि चाके जोडणारे टाय रॉड सोडावे लागतात, आणि रॅक परत बसवल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावेच लागते.