केरव्यात गाहा: पैठणहून ताजी खबर

पावसाळी विरहाचं एक गाजलेलं गाणं महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या जुन्या पूर्वज भाषेत, आणायला घेतलं होतं; छंद गाहा आणि ताल केरवा. त्याच्या मुखड्याचा पहिला अर्धा एकदाचा बसला:

सहि मेहा संपत्ता
ण उण पिओ मह णिअत्तइ घरम्मि ।

सखे, मेघ येऊन ठेपले, पण माझा माणूस काही घरी परतेना. मूळ गाण्यात तो नोकरीला शहरात गेलाय आणि फोन उचलत नाही. फोनला प्राकृत शब्द घडवायच्या भानगडीत मी पडलो नाही, निरोपाला सरळ दूती धाडली. हाल राजाच्या 'गाथासप्तशती'तल्या प्राकृत गाथांमध्ये परगावी अडकलेला पहिअ (वाटसरू) आणि पावसाच्या तोंडावर त्याची वाट बघणारी बायको जागोजागी भेटतात, त्यामुळे असली गाणी प्राकृतात मुकाट जातात. हळदीतलं डीजेचं गाणं आणून बघा, घाम फुटतो.

खरी झुंज चालीशी आहे. गाहेच्या पहिल्या अर्धात 12 आणि 18 मिळून 30 मात्रा, म्हणजे चार-चार मात्रांचे सात गण आणि वर एक गुरू (दोन मात्रांचं अक्षर). शेवटी दोन मात्रा दम घेतला की 32, आठ मात्रांच्या केरव्याची चार आवर्तनं बरोब्बर. जणू ढोलकीसाठीच बांधलाय छंद! पण दुसऱ्या अर्धात सहावा गण एकाच लघूचा (एका मात्रेच्या अक्षराचा), म्हणून 27 च मात्रा भरतात. तिथं आमचा ढोलकीवाला थांबलाच: "मधीच उडी काहून मारायलास?"

तो लघू चार मात्रा ओढला तर ताल राहतो, पण मग ती गाहा कसली? मी लघू लघूच ठेवतो. सातवा गण ठोक्याच्या आड पडतो आणि शेवटचा दम पाच मात्रांचा होतो. दोन-तीनदा ऐकलं की त्या आडव्या पडण्यातच गोडी वाटायला लागते (ढोलकीवाल्याचं मत अजून वेगळं आहे).

गायला मात्र ही भाषा सोन्यासारखी. हृदयाचं हिअअ होतं, नुसते स्वर उरतात, हव्या तेवढ्या हरकती घ्या. ऐकणाऱ्याचे हाल होतात, कारण मद, मत, मृग सगळ्यांचं मअच होतं.

जोडीला यादवकाळच्या मराठीतही एक ओळ करून ठेवली:

मेघ आले वो सखिये, परि प्रियु घरा नये

ही पटकन झाली, तिच्यावर सध्या वेळ घालवत नाही.

आता दुसरा अर्धा. त्यात 'गोला' आणायचीच आहे. गाथांमधली गोदावरी ती, आणि नाथसागराच्या भिंतीखाली राहून तिला वगळणं मला जमणार नाही. दोन गुरू असल्यामुळे पाचव्या गणात ती नेमकी बसते. सहाव्याला 'अ' (आणि) लावू की 'वि' (सुद्धा), यावर गाडी अडलीय. ज्यांनी गाहा गाऊन बघितली असेल त्यांनी सांगा, तोंडात कुठला बरा बसतो?