व्हिएन्नातील पहिले तीन दिवस आणि हिरव्या दाराबाहेरचे सहा तास

व्हिएन्नाहून परत येऊन आता चार महिने झाले. तरीही त्या शहराचे नाव निघाले की माझ्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी एका चार मजली इमारतीचे हिरवे दार येते आणि त्या दाराशेजारी भिंतीत बसवलेली किल्लीची लहानशी पेटी येते. रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी आणि माझे पती असे आम्ही दोघे त्या दारापाशी पोहोचलो आणि सायंकाळी चार वाजून दहा मिनिटांनी आत शिरलो. या सहा तासांविषयी सविस्तर लिहावे, असे तेव्हापासून मनात आहे.

शनिवारी सायंकाळी आम्ही पुण्याहून निघालो, मध्यरात्रीनंतर मुंबईहून विमान सुटले, फ्रँकफर्टला विमान बदलले आणि पारपत्रांची तपासणीही तिथेच झाली. व्हिएन्नाच्या विमानतळावरून रेल्वेने हाउप्टबानहोफ, म्हणजे तेथील मुख्य स्थानक, पंधरा-वीस मिनिटांत आले. इथपर्यंत कसलीही अडचण आली नाही. मात्र शनिवारी पहाटे सहाला उठलेलो आम्ही तोपर्यंत सुमारे बत्तीस तास जागे होतो आणि विमानात लागलेल्या डुलकीला झोप म्हणता येत नाही.

मुक्कामाची जागा स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर होती. आरक्षण करताना ‘कोणत्याही वेळी प्रवेश’ असे स्पष्ट लिहिलेले होते आणि खोली तीनला मिळाली तरी सामान आधी ठेवता येईल, असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तिथे माणूसच नव्हता. पेटीचा चार आकडी क्रमांक मिळाला की किल्ली घ्यायची, अशी व्यवस्था होती आणि तो क्रमांक आलेला नव्हता. आम्ही विमानात असताना मात्र एक ईमेल येऊन पडला होता: सोबतचा अर्ज दुपारी बारापर्यंत भरावा आणि दोनशे युरोंची अनामत कार्डाने जमा करावी, त्याशिवाय क्रमांक मिळणार नाही. ही अट आरक्षणाच्या वेळी कुठेही नव्हती. प्रवासी आकाशात असताना अट घालायची आणि तो उतरल्यावर त्याला दोन तासांची मुदत द्यायची, या पद्धतीचा मला आजही संताप येतो.

पारपत्रांचा तपशील भरून झाला आणि अनामतीपाशी गाडी अडली. आमच्या बँकेचा ओटीपी यांच्या भारतातील क्रमांकावर येतो. यांच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत मेमरी कार्ड असल्यामुळे यांनी घरून निघतानाच भारतातील सिम काढून त्या जागी युरोपचे सिम घातले होते. काढलेले सिम औषधांच्या डबीत होते, डबी मोठ्या बॅगेत आणि बॅगेत तिच्यावर आठवडाभराचे कपडे. भर पदपथावर बॅग उघडून, साड्या आणि भडंगाचा डबा बाजूला काढून ती डबी शोधावी लागली. सिमची खाच उघडायची पिन घरीच राहिली होती. माझ्या बांगडीतली सेफ्टी पिन त्या छिद्रात जाईना, कारण तिचे टोक बारीक असले तरी दांडा जाड होता. शेवटी मी कानातली कुडी काढली, तिची बारीक तार आत सरळ गेली आणि खाच बाहेर आली. हे सिम बदलले की इंटरनेट जाणार, हे लक्षात आल्यावर युरोपचे सिम माझ्या फोनमध्ये आणि भारतातले यांच्या फोनमध्ये, अशी अदलाबदल केली. इतके करूनही संदेश येईना, कारण यांच्या क्रमांकावर परदेशातील रोमिंग सुरूच केलेले नव्हते.

पुण्यात मुलाला फोन लावला. तिकडे दुपारचे अडीच वाजून गेले होते. त्याने तिथून रोमिंग सुरू केले, पण पहिला संदेश यायला पाऊण तास लागला आणि तोपर्यंत अर्जाचे पान मुदत संपून बंद झाले होते. सगळा तपशील पुन्हा भरला. दुसऱ्या वेळी संदेश लगेच आला. हे नेहमीच्या सवयीने आकडे जोडीने वाचत होते. यांनी ‘एकोणसत्तर’ म्हटले, मला ‘एकोणऐंशी’ ऐकू आले आणि मी ७९ टाकले. व्यवहार फेटाळला गेला. पंचवीस वर्षे मी कार्यालयात आकडेमोडीचे काम केले आहे, जागेपणी ही चूक माझ्या हातून झाली नसती. त्या क्षणी मला रडू आले. यांनी माझ्या हातातून फोन घेतला, मला बॅगेवर बसवले आणि म्हणाले, “अगं, आता एकेक आकडा सुटा वाचू. घाई नको.” तिसऱ्यांदा अर्ज भरला, सहा आकडे सुटे वाचले आणि अनामत जमा झाली, पण तोवर दुपारचा एक वाजून गेला होता. उत्तरादाखल आलेल्या यांत्रिक ईमेलमध्ये मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार सोमवार ते शुक्रवार या कामाच्या दिवसांत केला जाईल, असे लिहिले होते. दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित आवाजाखेरीज काही नव्हते.

भुकेचे सांगायचे राहिले. व्हिएन्नात रविवारी दुकाने बंद असतात, अगदी किराणा मालाचीसुद्धा. उघडी असतात ती प्रामुख्याने मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकाने. खाणावळी आणि कॉफीगृहेही सुरू असतात. हे आम्हाला माहीत नव्हते, म्हणून स्थानकावर काही न घेता पुढे आलो होतो. तुम्ही रविवारी उतरणार असाल, तर स्थानकावरच पाव, फळे आणि दही घेऊन बाहेर पडा. पाण्याचे मात्र सुख आहे. आल्प्समधील झऱ्यांचे पाणी १८७३ पासून जलवाहिनीने या शहरात येते आणि ते नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येते.

अखेर आमची सोडवणूक केली ती तळमजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी. तासाभरापासून आम्ही बॅगांवर बसलेले त्यांना खिडकीतून दिसत असावे. त्या पाण्याचे दोन पेले घेऊन बाहेर आल्या. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते आणि आम्हाला जर्मन अजिबात येत नव्हते, तरी मी फोनवरचा ईमेल दाखवताच त्यांच्या सगळे ध्यानात आले. त्यांनी इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला फोन केला, त्याने आणखी कोणाला केला आणि चार वाजून दहा मिनिटांनी चार आकडे माझ्या फोनवर आले. त्या बाईंना मी भडंग दिले. त्यांनी लगेच एक चिमूट तोंडात टाकून मान डोलावली.

खोलीत गेल्यावर अर्धा तास पडू, असे ठरवले. जाग आली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. त्या रात्री सव्वाआठला मोझार्टच्या संगीताच्या मैफलीची तिकिटे आम्ही तीन महिने आधी काढली होती. यांनी तरुणपणी व्हायोलिन शिकले आहे आणि या सहलीचे मूळ कारण ती मैफल होती. तिकिटाचे पैसे परत मिळणारे नव्हते, पण पैशांपेक्षा यांचा तो उतरलेला चेहरा मला अधिक लागला. म्हणून कळकळीने सांगते, पोहोचल्याच्या दिवशी संध्याकाळचा कोणताही कार्यक्रम ठरवू नका. उन्हाळ्यात व्हिएन्नाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे मैफलीचे मध्यंतर होते तेव्हा आपल्या शरीराच्या लेखी मध्यरात्र उलटून गेलेली असते.

त्या दिवशी काय करायला हवे होते, हे आता मला स्वच्छ दिसते. हाउप्टबानहोफवर सामान ठेवायला लॉकर आहेत. त्यांत बॅगा ठेवून आम्ही डी क्रमांकाच्या ट्रामने रिंगस्ट्रासेवर जायला हवे होते. जुन्या तटबंदीच्या जागी बांधलेल्या आणि १८६५ मध्ये खुल्या झालेल्या त्या रस्त्यालगत फोल्क्सगार्टन नावाची बाग आहे, जूनमध्ये ती गुलाबांनी भरलेली असते आणि तिथे बसायला पैसे लागत नाहीत. एखाद्या कॉफीगृहातही तास-दोन तास बसता येते. एका मेलांजवर, म्हणजे दुधाच्या फेसाळ कॉफीवर, कितीही वेळ बसलेल्या गिऱ्हाईकाला तिथे कोणी उठवत नाही, कॉफीबरोबर पाण्याचा पेलाही येतो. अर्जाचे काम टेबलावर बसून, काही खाऊन केले असते तर कदाचित एकोणसत्तरचे एकोणऐंशी झाले नसते.

सोमवारी पहाटे मात्र या जागरणाचा आम्हाला लाभ झाला. अकराला उठल्यावर पुन्हा झोप आलीच नाही. तीन वाजता तिखट पुऱ्या खाल्ल्या आणि पाच वाजता चक्क उजेडात बाहेर पडलो. श्टेफान्सडोम हे मुख्य चर्च सोमवार ते शनिवार सकाळी सहाला उघडते. दार उघडले तेव्हा आत आमच्याखेरीज चार-पाचच माणसे होती, खांबांमधून तिरपे ऊन येत होते आणि आमच्या पावलांचा आवाज आम्हालाच ऐकू येत होता. याच चर्चचे छप्पर १९४५ च्या एप्रिलमध्ये जळून कोसळले आणि पुम्मेरिन नावाची प्रचंड घंटा फुटली. तिच्याच धातूतून पुढे नवी घंटा ओतली, तिचे वजन वीस टनांहून अधिक आहे. दुपारी तिथूनच पुन्हा गेलो तेव्हा दाराशी इतकी गर्दी होती की आत जावेसे वाटले नाही.

हाच नेम आम्ही मंगळवारी शोनब्रुनला लावला. राजवाड्याच्या आतील दालनांना वेळेचे तिकीट लागते, पण बाहेरचे विस्तीर्ण उद्यान सकाळी साडेसहाला उघडते आणि ते विनामूल्य आहे. टेकडीवरच्या ग्लोरिएट नावाच्या कमानदार वास्तूपर्यंत चढून गेलो, खाली पिवळा राजवाडा, त्यामागे सारे शहर, आणि सोबतीला फक्त धावायला आलेली तिथली माणसे. सकाळी सहा ते दुपारी बारा हा काळ पहिल्या तीन दिवसांत सर्वांत चांगला जातो, जे मनापासून पाहायचे आहे ते तेव्हाच पाहावे. आम्ही सोमवारी कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालय दुपारी तीनला ठेवण्याची चूक केली. सोळाव्या शतकातील चित्रकार ब्रॉयगेल याच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे आणि त्या दालनातील मऊ बाकावर बसल्याबसल्या आम्हा दोघांचेही डोळे मिटले. त्याचे बाबेलच्या मनोऱ्याचे चित्र मी नीट पाहिले ते बुधवारी, पुन्हा तिकीट काढून.

कागदी तिकिटावर आधीच शिक्का नसेल, तर प्रवासापूर्वी तो निळ्या पेटीत मारून घ्यावा लागतो, हेही इथेच सांगून ठेवते. झोपाळू माणसाच्या हातून नेमके हेच राहून जाते.

झोपेची घडी बसवण्यासाठी आम्हाला खरा उपयोग झाला तो संध्याकाळच्या उजेडाचा. पश्चिमेकडे गेल्यावर संध्याकाळी उजेडात राहिले, की शरीराचे घड्याळ हळूहळू मागे सरकते. जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सोमवारपासून आम्ही संध्याकाळी सहानंतर झोपायची वेळ होईपर्यंत खोलीत पाऊलच ठेवले नाही. सोमवारी साडेसातपर्यंत तग धरला, मंगळवारी साडेआठपर्यंत.

अनामत परत मिळायला दोन ईमेल आणि बारा दिवस लागले. आता आमच्या दोघांच्या क्रमांकांवर रोमिंग निघण्याच्या आदल्या आठवड्यात सुरू होईल, बँकेचे सिम फोनमधून निघणार नाही आणि ‘कोणत्याही वेळी प्रवेश’ असे लिहिले असेल तिथे सामान कोण घेणार, हे मी आधी लेखी विचारून घेईन.

बुधवारी संध्याकाळी राज्य ऑपेरागृहाशेजारच्या कारायान चौकातून जाताना भिंतीवर एक मोठा पडदा दिसला आणि त्यासमोर खुर्च्या मांडलेल्या. वसंतात आणि जूनमध्ये आत चाललेला प्रयोग बाहेर थेट दाखवतात आणि तो कोणीही फुकट पाहू शकतो. आम्ही मागच्या रांगेत बसलो. मध्यंतर झाले तेव्हा आकाशात अजून उजेड होता. मी यांच्याकडे पाहिले. हे टक्क जागे होते आणि यांची डाव्या हाताची बोटे मांडीवर व्हायोलिनच्या तारांवर फिरावीत तशी फिरत होती.